जावयाचे कान, सासऱ्यांचं हेल्मेट

सासऱ्यांना पेट्रोल पंपावर सोडून येणं हा गुन्हा की नुसता निष्काळजीपणा, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की मी त्यांना सोडलं नाही. ते उतरले आणि मला कळलं नाही. या दोन गोष्टींत फरक आहे. पण तो समजावून सांगायला जी शांतता लागते, ती त्या दिवशी घरात नव्हती.

झालं असं, की बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, गुडघा धरलाय. आठवड्यातून दोनदा त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून फिजिओथेरपीला न्यायचं काम माझ्याकडे आहे. पेट्रोल भरून झाल्यावर बाबा मागच्या चाकातली हवा बघायला उतरले. उतरताना म्हणे ते "थांबा हं जरा" असं म्हणाले. मी हेल्मेटात होतो. मला ते "चला हं जरा" असं ऐकू आलं, आणि मी चाललो. गाडी हलकी वाटत होती, त्याचं श्रेय मी नव्या पेट्रोलला दिलं. वाटेत मी बाबांना ऑफिसातल्या बदल्यांची सगळी हकीकत सांगितली, आमच्या साहेबांची थोडी नक्कलही केली. मागून काहीच प्रतिसाद आला नाही, याचं मला नवल वाटलं नाही. हल्ली बाबा कशालाच फारसा प्रतिसाद देत नाहीत. दवाखान्यापाशी गाडी थांबवून त्यांना आधार द्यायला मी मागे हात केला, तर हाताला नुसती सीट लागली.

बाबा तोवर एका पाववाल्याच्या गाडीतून घरी पोहोचले होते. "जावईबापू पुढे गेलेत," एवढंच सांगून ते पेपर वाचत बसले.

"अहो, आपल्या मागे माणूस आहे की नाही, एवढंही कळत नाही?" बायको म्हणाली.

"अगं, पण मी इतका वेळ बोलत होतो, त्यांनी एकदा तरी..."

इथे मी थांबलो, कारण आम्ही दोघंही त्याच विषयापाशी येऊन पोहोचलो होतो ज्याच्यापाशी आमचं प्रत्येक भांडण येऊन थांबतं. बाबांना ऐकू कमी येतं. ही गोष्ट घरात, इमारतीत, दवाखान्यात सर्वांना माहीत आहे, बाबांना सोडून. बाबांचं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं. कानांच्या जोरावर पेन्शन मिळवलेला माणूस. कानाच्या यंत्राचा विषय काढला की म्हणतात, "मला नीट ऐकू येतं. हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात." मागे एकदा बायकोने अशा यंत्राचं माहितीपत्रक त्यांच्या पेपरात सरकवून ठेवलं होतं. बाबांनी ते शांतपणे वाचलं, घडी केली, डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं आणि नंतर बरेच दिवस ते आमच्याशी फक्त हवामानाबद्दल बोलले.

पेट्रोल पंपाची गोष्ट मी ऑफिसात सांगितली. अर्थात माझ्या बाजूने. आमच्याकडे एक सहकारी आहे, त्याला सगळे रायडर म्हणतात. हा इसम ऑफिसला येताना कोपरांना आणि गुडघ्यांना चिलखत घालून येतो. त्याचं घर ऑफिसच्या मागच्या गल्लीत आहे. तो म्हणाला, "सर, इंटरकॉम घ्या. दोन्ही हेल्मेटांत कानापाशी छोटे स्पीकर बसतात, तोंडापाशी माइक. पुढचा नि मागचा आरामात गप्पा मारतात. आवाज थेट कानात."

संध्याकाळी हे मी घरी सहज सांगितलं. बायकोच्या डोळ्यांत अचानक तेज आलं.

"थेट कानात? आणि आवाज हवा तेवढा मोठा करता येतो?"

"येतो म्हणे."

"आणि त्याला कोणी कानाचं यंत्र म्हणत नाही!"

"पण बाबांना काय सांगायचं? ते म्हणतील, मला कशाला हवं?"

"त्यांच्यासाठी नाहीच मुळी," ती म्हणाली. "त्यांना सांगायचं, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून घेतोय."

"मला?"

"पुरावा आहेच की. पेट्रोल पंप."

मी बराच विरोध केला. पण आमच्या घरात विरोध म्हणजे निर्णय अमलात येईपर्यंतचा एक मधला टप्पा आहे. जेवताना बायकोने ही बातमी बाबांच्या कानाशी ओरडून सांगितली. बाबांनी घास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या मायेने त्यांनी माझ्याकडे लग्नातही बघितलं नव्हतं.

"या वयात?" ते हळहळले. मग माझ्या पाठीवर हात ठेवून ओरडले, "काळजी करू नका! होतं असं!"

इंटरकॉम निवडणं हे वाटतं तितकं सोपं नाही. मी माहिती देणारे व्हिडिओ बघायला बसलो. प्रत्येक व्हिडिओतला मुलगा आधी आपली ख्यालीखुशाली विचारतो, मग आपल्याला त्याचं चॅनल सबस्क्राइब करायला सांगतो, आणि मी भिडस्त असल्यामुळे करतो. दोन-चार संध्याकाळींनंतर माझी इतक्या मोटरसायकलवाल्यांशी ओळख झाली, तरी घ्यायचा कोणता ते ठरेना. कुणी म्हणे ब्लूटूथ जुनं झालं, कुणी म्हणे नवीन त्याहून वाईट. रायडरला विचारलं तर तो म्हणाला, "सर, तुमची रेंज काय लागेल?"

"म्हणजे?"

"दोघांमध्ये अंतर किती असेल?"

"एकाच गाडीवर बसणार आहोत रे."

"मग अंतर नाहीच," तो जरा निराश होऊन म्हणाला.

"पेट्रोल पंप धरून सांगू का?" मी विचारलं. त्यावर तो आधी हसला आणि मग खरंच हिशेब करायला लागला.

शेवटी मी आणि बाबा दुकानात गेलो. दुकानदार गृहस्थ अतिशय शांत. त्यांनी एक खोकं पुढे सरकवलं. "यात एका वेळी आठ जण बोलू शकतात."

"मला एकाशीच बोलायचंय. तेही सासऱ्यांशी."

त्यांनी मान डोलावली आणि ते खोकं मागे घेऊन लहान खोकं काढलं. मग त्यांनी आमची हेल्मेटं मागितली. माझं गाडीबरोबर फुकट आलेलं होतं. त्यांनी आत बोटं फिरवली, अस्तर दाबलं आणि म्हणाले, "यात स्पीकरला जागाच नाही. कानावर दाबून बसेल. अर्ध्या तासात कान लाल होईल." बाबांचं हेल्मेट पुढून उघडं, वाटीसारखं, त्यांनी ते नुसतं हातात घेतलं, आदराने परत दिलं. थोडक्यात, इंटरकॉम बसवायला म्हणून गेलो आणि दोन नवी हेल्मेटं घेऊन आलो. बाबांना जबड्याचा भाग वर उचलता येतो ते हेल्मेट आवडलं. ते त्यांनी दुकानात चार वेळा उघडलं, मिटलं. "यात पाणी पिता येतं," ते मला समजावत म्हणाले, आणि दुकानदारांना बाजूला घेऊन, म्हणजे त्यांच्या मते बाजूला घेऊन, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, "आमच्या जावयांच्या बाजूचा स्पीकर जरा चांगला द्या. बिचाऱ्यांना ऐकू येत नाही."

दुकानात हातमोजे बघत असलेल्या एक बाई माझ्याकडे बघून सहानुभूतीने हसल्या. मीही हसलो. दुसरं काय करणार?

बसवायचं काम मी स्वतः करायचं ठरवलं. दुकानदार बसवून देत होते, पण व्हिडिओतल्या मुलांनी माझ्यात एक खोटा आत्मविश्वास निर्माण केला होता. रविवारी सकाळी हॉलमध्ये पेपर पसरून मी दोन्ही हेल्मेटांची गालाकडची गादी बटणं उपसून बाहेर काढली. आत कानाच्या जागी छान गोल खळगे होते. त्यात चिकटपट्टी लावायची, वर स्पीकर, वायर अस्तराखालून फिरवून माइक तोंडापाशी आणायचा आणि मुख्य डबी बाहेरून क्लिपने अडकवायची. एवढंच. पहिली चिकटपट्टी माझ्या कोपराला लागली. दुसरी टेबलाला. ती अजून तिथेच आहे. तिच्यावर आता आम्ही टीव्हीचा रिमोट ठेवतो, तो हरवत नाही. सगळं जोडून गादी परत बसवली तेव्हा लक्षात आलं, की बाबांच्या हेल्मेटात माइक कपाळाशी आलाय.

"विचार थेट ऐकू येतील," समोरच्या वहिनी म्हणाल्या. त्या साखर मागायला आल्या होत्या आणि साखर मिळूनही गेल्या नव्हत्या. "भावजी, पण तुम्हाला कधीपासून हो हा त्रास? माझ्या मावशीला असंच झालं होतं. कापूस घाला, वारा लागू देऊ नका."

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांना कुणीतरी बातमी दिलेली होती. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि हातवारे करत, एकेक शब्द तोंड पूर्ण उघडून म्हणाले, "पा... ण्या... ची... टा... की... उद्या... धुणार!" मी "बरं" म्हटलं. त्यांनी मला शाबासकी दिली.

बसवणं झालं, आता जोडणं. डबीवरचा दिवा निळा-लाल निळा-लाल असा लुकलुकला पाहिजे, मग दोन्ही डब्या एकमेकींना ओळखतात. माझी डबी बाबांच्या डबीला ओळखेना. तिने बायकोच्या फोनला ओळखलं, कारण त्याचं ॲप तिच्या फोनवर घेतलं होतं. मी खात्री करायला हेल्मेट डोक्यात घातलं, तर माझ्या कानात थेट मेहुणी बोलत होती.

"...भावजी तसे पहिल्यापासून कुणाचं ऐकत नाहीतच गं. आता निदान कारण तरी मिळालं."

स्वयंपाकघरात बायको फोन कानाला लावून "हॅलो, हॅलो, ऐकू येत नाहीये" करत होती. मी माइकमध्ये खाकरलो आणि म्हटलं, "मला येतंय." मेहुणीने ताबडतोब फोन ठेवला, आणि तो महिना तिने आमच्याकडे येणं टाळलं. इंटरकॉमचा हा पहिला फायदा.

बाबांचा माइक कपाळावरून तोंडापाशी आणून आणि दोन्ही डब्यांची एकदाची ओळख करून देऊन मंगळवारी आम्ही पहिल्यांदा तो लावून निघालो. बाबांच्या बाजूचा आवाज बायकोने गुपचूप शेवटपर्यंत वाढवून ठेवला होता. गल्लीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत बाबा काही बोलले नाहीत. मग माझ्या दोन्ही कानांत एकदम स्फोट झाला.

"हॅलो! हॅलो! जावईबापू! आवाज येतोय का?"

मी बहिरा, म्हणून ते बिचारे जीव तोडून ओरडत होते. गाडी दुभाजकाच्या दिशेने जरा गेली, ती मी सावरली. "येतोय, बाबा. हळू बोला, छान ऐकू येतंय."

"अरे वा!" बाबा म्हणाले. आणि मग जरा थांबून, "अरे वा," असं पुन्हा म्हणाले. पण हे दुसरं वेगळंच होतं, हळू आणि स्वतःशी.

त्यानंतर पूर्ण रस्ताभर ते बोलत होते. सिग्नलला उभ्या असलेल्या ट्रकवर काय लिहिलंय, हा पूल बांधला तेव्हा काय गोंधळ झाला होता, माझ्या ऑफिसात नेमकं काय चालतं. मी बदल्यांची ती हकीकत पुन्हा सांगितली, साहेबांच्या नकलेसकट. बाबा हसले. आणि बरोबर जागी हसले. मला आठवेना, याआधी ते बरोबर जागी कधी हसले होते. घरी ते हसतात, पण सगळ्यांच्या नंतर, जरासे उशिरा.

इथपर्यंत सगळं उत्तम चाललं होतं. पण बाबा प्रेमळ माणूस. त्यांना वाटलं, घरी आपण जावयांची काळजी घेतो, ऑफिसात कोण घेणार? त्यांनी माझ्या ऑफिसात फोन केला आणि साहेबांना विनंती केली, की आमच्या जावयांशी कृपया जरा मोठ्याने बोलावं, ते स्वतःहून सांगणार नाहीत, स्वभाव मानी आहे.

मी विमा कंपनीत तक्रारीच्या खिडकीवर बसतो. बहिरा माणूस तक्रारीच्या खिडकीवर बसावा, यासारखी सोय दुसरी नाही असं मला वाटतं. पण साहेबांना तसं वाटलं नाही. मला प्रशासन विभागातल्या मॅडमकडे पाठवण्यात आलं.

"तुम्हाला ऐकू येत नाही," मॅडम म्हणाल्या.

"येतं, मॅडम."

"मग ऐकू येतं असा दाखला आणा."

"मॅडम, मी आत्ता तुमच्याशी बोलतोय. तुमचं ऐकूनच बोलतोय."

"ओठ वाचत असाल." त्यांनी तोंडासमोर फाइल धरली आणि काहीतरी म्हणाल्या. नेमका त्याच वेळी मागचा प्रिंटर खडखडायला लागला. मी म्हटलं, "काय?"

मॅडमनी फाइल खाली घेतली आणि माझ्याकडे दुःखाने बघितलं. दाखला येईपर्यंत माझी बदली तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये झाली. तिथे बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे माझ्या प्रकृतीला ती योग्य समजली गेली. अभिमान बाजूला ठेवून सांगतो, जागा थंड होती आणि झोप छान लागायची. पण ऑफिसातले लोक जिन्यात भेटले की मला हात हलवून दाखवायचे, आणि चहावाला कप समोर धरून नाचवायचा. माणसाने किती सहन करायचं?

मी कान तपासायला जायचं ठरवलं. बाबा म्हणाले, "मी बरोबर येतो. अशा वेळी घरातलं कुणीतरी हवं."

कानाच्या दवाखान्यात एक काचेची, आवाजबंद खोली होती. आत बसायचं, कानांवर हेडफोन लावायचे, बारीक बीप ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. माझा नंबर आला तेव्हा मी उठलो, आणि खरं सांगायचं तर जरा चाचरलो. आपलं नाव इतक्या लोकांनी बहिरा म्हणून घेतलं, की आपल्यालाच शंका यायला लागते. बाबांनी ते बघितलं.

"घाबरायचं काय त्यात?" ते म्हणाले. "मी आधी बसून दाखवतो. मग तुम्ही बसा."

मी नको म्हणेपर्यंत ते आत गेलेही होते. तपासणाऱ्या बाईंना वाटलं, पेशंट हेच. त्यांनी बाबांना हेडफोन लावले, बटण हातात दिलं आणि दार लावलं.

मी काचेतून बघत होतो. बाबा ताठ बसले होते, एक्स्चेंजमध्ये बसत असतील तसे, बटणावर अंगठा ठेवून तयार. बाईंच्या यंत्रावर दिवे लागत होते, विझत होते. बाबांचा अंगठा हलत नव्हता. मध्येच त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, बघा, किती सोपं आहे! मग पुन्हा वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी एकदा बटण दाबलं. मग आणखी एकदा. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण ते माझ्याकडे बघत होते म्हणून मी हसतमुखाने उभा राहिलो.

बाबा बाहेर आले. "काही नाही हो त्यात. मशीन बराच वेळ बंदच होतं. शेवटी चालू केलं त्यांनी."

बाईंनी कागदावरचा आलेख दाखवत मला सगळं समजावून सांगितलं. त्यांचा आवाज बारीक आणि मऊ होता. बाबा शेजारीच उभे होते, बाईंच्या तोंडाकडे बघत, मान डोलावत. त्यातला एक शब्दही त्यांना कळला नव्हता. बाई म्हणाल्या, आधी बारीक आवाज जातात. बायकांचे, लहान मुलांचे. पुरुषांचे त्या मानाने टिकतात. मग माझीही तपासणी झाली. माझे कान उत्तम निघाले, तसा दाखलाही मिळाला, आणि तो खिशात घालताना मला जराही आनंद झाला नाही.

तिथल्या बाकांवर माणसं बसलेली होती. बाबांना सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं. मी ते केलं नाही. आम्ही खाली आलो, दोघांनी हेल्मेटं घातली, आणि मी गाडी चालूच केली नाही. हँडल धरून नुसता बसून राहिलो. बाबा मागे बसले होते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, ते बरंच होतं.

"बाबा."

"हं, बोला."

"मशीन बंद नव्हतं."

मागे बाबांच्या हेल्मेटाचा जबडा एकदा उघडला, मिटला.

"पूर्ण वेळ चालू होतं?"

"हो."

"आणि तुमचे कान?"

"बरे आहेत."

"पहिल्यापासून?"

"हो, बाबा."

एक गाडी हॉर्न वाजवत बाजूने गेली. बाबा म्हणाले, "म्हणजे ऑफिसात मी उगाच फोन केला."

"त्याचं काही नाही. रेकॉर्ड रूम थंड आहे."

ते हसले, पण थोडंसंच. मग बोलायला लागले. हळू, अगदी नेहमीच्या आवाजात. "तुमचं बोलणं मला यात कळतं. पण पोरीचं घरात काही म्हणजे काही कळत नाही. तोंड हलताना दिसतं. मग चेहऱ्यावरून अंदाज करतो. ती हसली की मी हसतो. चिडलेली दिसली की पेपर उघडतो. तिला वाटत असेल, बाप माणूसघाणा झाला. मला वाटायचं, तीच मुद्दाम पुटपुटते." थोडं थांबून ते म्हणाले, "चला आता. गाडी चालू करा. इथे ऊन लागतंय."

घरी आल्यावर बायकोने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "जावईबापूंचे कान एकदम चांगले आहेत. माझे गेलेत. यंत्र घ्यायचं ठरवलंय. आधी जेवायला वाढ."

बायको पाठ फिरवून बराच वेळ ताटं पुसत राहिली. ताटं आधीच कोरडी होती.

दाखला दिल्यावर मी पुन्हा तक्रारीच्या खिडकीवर गेलो. कान 'उत्तम' असल्याचं लेखी आल्यामुळे आता फोनवरच्या तक्रारीही माझ्याकडेच आल्यात. बाबांच्या यंत्राचं माप घेतलं, पण ते बनून यायला वेळ लागणार होता. एवढे दिवस काय करायचं, हा प्रश्न बायकोने दुसऱ्याच सकाळी सोडवला.

मी ऑफिसला जायला तयार होऊन, किल्ली घेऊन हॉलमध्ये आलो, तर टेबलाशी दोघंजण हेल्मेट घालून बसलेले. बाबांनी जबडा वर उचलला होता आणि चहा पीत होते. समोर बायको माझं हेल्मेट घालून, कोपर टेबलावर टेकवून बोलत होती. ओरडत नव्हती. इतकी हळू बोलत होती, की दोन पावलांवर उभ्या असलेल्या मला, उत्तम कानांचा दाखला असूनही, काही कळत नव्हतं. कळत होतं ते फक्त बाबांचं.

"असं? मग हे मला आधी कुणी सांगितलं का नाही?... काय म्हणतेस! तिने असं केलं?... बरं, मग पुढे?"

मी घड्याळाकडे बोट दाखवलं, मग हेल्मेटाकडे. बायकोने माझ्याकडे न बघता तळहात दाखवला, म्हणजे थांबा. मी थांबलो. मग तिने काहीतरी सांगितलं आणि बाबा मोठ्याने हसले, आणि त्याच क्षणी तीही हसली, दोघं एकदमच.

मी किल्ली खुंटीला अडकवली, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि बसने गेलो. बस भरलेली होती, वाटेत दोनदा थांबून राहिली, आणि मी अर्धा तास उशिरा पोहोचलो. साहेबांनी कारण विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की हेल्मेट घरी बोलत बसलंय.

साहेबांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग चष्मा काढून माझ्याकडे नीट बघितलं आणि अतिशय हळुवारपणे म्हणाले, "बसा. पाणी घ्या. हवं तर उद्या सुट्टी घ्या."

मी घेतली.